सहाशे साचे

इ. स. १६०८ च्या डिसेंबर महिन्यात गोव्यातील एका येशूसंघीय धर्मगुरूने रोमला आपल्या संघाच्या महाश्रेष्ठींना, फादर अक्वाविव्हा यांना, एक पत्र पाठविले. पत्र संपविता संपविता त्याने एक जुनी इच्छा त्यांच्या कानावर घातली. या प्रांतात देशी भाषेतील ग्रंथ देशी लिपीत छापले जावेत, मलबारात तसे झाले असून तेथील ख्रिस्ती समाजाला त्याचा मोठा लाभ झाला आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते आजवर घडले नाही याची दोन कारणे त्याने दिली. एक म्हणजे या लिपीसाठी सहाशे साचे पाडावे लागतील. युरोपात चोवीस अक्षरांत काम भागते, येथे प्रत्येक अक्षर म्हणजे एक संपूर्ण उच्चार. दुसरे म्हणजे वरिष्ठांच्या आज्ञेवाचून असल्या कामाला हात घालता येत नाही. पहिल्या अडचणीवर त्याने स्वतःच तोडगा शोधला होता. सहाशेंचे दोनशे करता येतील, असे त्याने कळविले. दुसरी अडचण मात्र रोमच्या हातात होती.

हा धर्मगुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात सुमारे १५४९ साली जन्मलेला हा पुरुष १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि १६१९ साली तेथेच निवर्तला. ‘ख्रिस्तपुराण’ हा त्याचा ग्रंथ आमच्या वाचकांना नावाने तरी ठाऊक आहेच. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे महाकाव्य १६१६ साली साष्टीतील रायतूरच्या येशूसंघीय महाविद्यालयात छापले गेले. मराठीत छापले, पण रोमन अक्षरांत. सहाशे साचे पडले नाहीत, दोनशेही पडले नाहीत.

कला आणि यंत्र यांचे नाते काय, असा प्रश्न आला की बहुधा चित्रपटाचे किंवा छायाचित्राचे उदाहरण पुढे येते. आम्हांला मात्र या विषयात स्टीफन्सच्या त्या पत्राइतका बोलका पुरावा दुसरा दिसत नाही. येथे एक कवी आहे, त्याच्यापाशी भाषा आहे, ऐकणारा समाज आहे, छापखानाही आहे. उणे आहेत ते फक्त शिशाचे काही तुकडे. आणि त्या तुकड्यांवाचून एका काव्याचे वाचक कोण व्हावेत हे साडेतीनशे वर्षांसाठी ठरून गेले.

सहाशेचा आकडा आला कोठून, हे समजून घेणे अवघड नाही. चौतीस व्यंजने बाराखडीने गुणली की चारशेच्या पुढे मजल जाते. त्यावर जोडाक्षरे. ‘क्त’, ‘ष्ट’, ‘ज्ञ’, ‘स्त्र’ अशी प्रत्येक जोडी, आणि तिला पुन्हा काना, मात्रा, वेलांट्या. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक आकारासाठी आधी पोलादाच्या कांबीच्या टोकावर ते अक्षर उलटे कोरायचे, ती कांब तांब्यावर ठोकून खोल ठसा घ्यायचा आणि त्या ठशात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. उत्तम कारागिरालाही एकेक पोलादी ठसा कोरायला पुष्कळ वेळ लागे. चोवीस ठसे ही एका माणसाची काही महिन्यांची मेहनत. सहाशे म्हणजे वर्षानुवर्षांचा संसार.

तरीही ‘युरोपात चोवीस’ हे स्टीफन्सचे गणित थोडे भोळे होते, असे आम्हांला वाटते. माइन्झच्या गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास आपले बेचाळीस ओळींचे बायबल छापले, तेव्हा त्याने चोवीस खिळ्यांवर भागविले नव्हते. त्याने जवळजवळ २९० वेगवेगळे खिळे ओतले होते. लॅटिनची मुळाक्षरे मोजकी. मग एवढे कशाला? कारण मठातील लेखनिकांच्या हाताचे वळण त्याला जसेच्या तसे उतरवायचे होते. दोन अक्षरे जोडून लिहिण्याच्या तऱ्हा, शब्द आखडण्याची चिन्हे, एकाच अक्षराची रुंद आणि अरुंद रूपे हे सर्व त्याने शिशात आणले. छपाईचा तो पहिला महान ग्रंथ हस्तलिखितासारखा दिसावा म्हणून जिवापाड कष्ट घेऊन केलेला आहे. नवे यंत्र जन्मले ते जुन्या कलेची चाकरी करीत. पुढच्या पिढ्यांतील मुद्रकांनी हळूहळू ते जास्तीचे खिळे टाकून दिले आणि अक्षरे यंत्राला सोयीची झाली. म्हणजे संख्या ही मुळातली भिंत नव्हती. गुटेनबर्गपाशी सोनाराचे कसब होते, भांडवल पुरविणारा सावकार होता, आणि कोणाच्या आज्ञेची वाट पाहावयाची नव्हती.

गोव्यातील छापखाना तसा भारतातील अगदी आरंभीचा. १५५६ साली ॲबिसिनियाला निघालेले यंत्र गोव्यात उतरले ते तेथेच राहिले आणि सेंट पॉल महाविद्यालयात उभे झाले. मलबारात स्टीफन्स म्हणतो तसे काम खरोखरच झाले होते. बंधू जुवांव गोन्साल्विस या येशूसंघीय कारागिराने तामिळ खिळे घडविले आणि १५७८ साली कोल्लम येथे फादर हेन्रिक हेन्रिकिस यांची धर्मशिक्षणाची छोटी तामिळ पुस्तिका त्या खिळ्यांवर छापली गेली. छपाईचा पैसा मोती काढणाऱ्या किनाऱ्यावरील पारव ख्रिस्ती लोकांनी जमविला होता, ही गोष्ट आमच्या धर्मग्रामांच्या अर्थसमित्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. तामिळ लिपीत जोडाक्षरांचा पसारा फार थोडा, त्यामुळे काम आटोक्यात आले हेही खरे. पण मागणी करणारा समाज, घडविणारा हात आणि परवानगी देणारे वरिष्ठ या तिघांची गाठ तेथे पडली. साष्टीत ती पडली नाही.

रोमन अक्षरांची सक्ती झाली म्हणून स्टीफन्स स्वस्थ बसला नाही, हा त्याच्या प्रतिभेचा भाग. पोर्तुगीजांच्या वर्णमालेत आपला ‘ट’ नाही, ‘ड’ नाही, ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. तेव्हा त्या त्या अक्षराची जोडी लिहून मूर्धन्य उच्चार दाखवावा, नाकातल्या स्वरासाठी वर खूण द्यावी, ‘श’ साठी पोर्तुगीज पद्धतीचे निराळे अक्षर घ्यावे, अशी एक शिस्तशीर लेखनपद्धती त्या पिढीतील मिशनऱ्यांनी बसविली आणि स्टीफन्सच्या ग्रंथांनी ती रूढ केली. गोव्यातील रोमन कोंकणीच्या लेखनात तिच्या खुणा आजही सापडतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मात्र तिच्यात नीट उतरत नव्हता. ओवी मुखाने म्हणावयाची असल्यामुळे त्याने फारसे बिघडले नाही. चर्चमध्ये रविवारी-सणावारी पुराण वाचले जाई, लोक ऐकत, आणि कानाला लिपी लागत नाही.

बिघडले ते निराळेच. १६०८ हे तुकोबांचे जन्मवर्ष मानले जाते. एकनाथांना जाऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. म्हणजे ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा संस्कार घेतलेला एक कवी दक्षिण कोंकणात लिहीत होता आणि मराठी कवितेचा सर्वांत मोठा आवाज देहूत जन्माला येत होता. या दोन प्रवाहांची गाठ कधी पडली नाही. धर्माचे आणि राज्याचे कुंपण होतेच. त्यात लिपीचे कुंपण पडले. घाटावरच्या एखाद्या जिज्ञासू शास्त्र्याच्या हाती छापील ख्रिस्तपुराण पडले असते, तरी पहिली ओळ वाचावयाला त्याला धर्मग्रामाच्या शाळेत पोर्तुगीज अक्षरे गिरवावी लागली असती. फादर एतिएन द ला क्रुआ यांचे संत पेत्रावरील मराठी पुराण १६२९ साली छापले गेले, तेही रोमन लिपीत. वसई-ठाण्याकडील ख्रिस्ती लोकांसाठी फ्रान्सिस्को व्हाज द गिमारायश यांनी प्रभूच्या दुःखसहनावर रचलेले पुराण १६५९ साली लिस्बनला छापले गेले, तेही रोमनमध्ये. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या ग्रंथांना शतकानुशतके जागा मिळाली नाही याचा दोष आम्ही पुष्कळदा इतरांच्या उपेक्षेला देतो. त्या उपेक्षेत आमच्याच बाजूने घातलेल्या कुलुपाचा वाटा किती, हेही पाहिले पाहिजे.

पुढे तर कुलूप अधिकच घट्ट झाले. १६८४ च्या जूनमध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. गोव्यातील छपाईही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मंदावत बंद पडली आणि १८२१ पर्यंत तेथे यंत्र पुन्हा चालू झाले नाही. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापलेला ग्रंथ नाहीसा झाला आणि ग्रंथ जगला तो हाताने केलेल्या नकलांमुळे. गोवा सोडून कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या नकला जपल्या, घरोघर वाचल्या. त्यांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे आपली आवृत्ती सिद्ध केली, अर्थात रोमन लिपीतच. यंत्र हे टिकाऊ आणि हात हा नाशवंत, असे आपण सहज धरून चालतो. येथे नेमके उलट घडले.

आता सह्याद्रीच्या अलीकडे, मुंबईत काय चालले होते ते पाहू. १६७० च्या सुमारास भीमजी पारेख या व्यापाऱ्याने आपल्या धर्माचे जुने ग्रंथ छापण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासह आला. पण त्याला छापता येत होते, अक्षरे कोरता येत नव्हती, आणि सगळा बेत तेथेच अडला. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणीसांच्या आश्रयाने पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरण्याचा प्रयत्न झाला आणि पुढे मिरजेस पटवर्धनांच्या आधाराने तो तडीस गेला. पण कोरलेला पत्रा म्हणजे खिळा नव्हे. एका पानाचा पत्रा दुसऱ्या पानाला चालत नाही.

कोंडी फुटली ती बंगालात. पंचानन कर्मकार या लोहाराने चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली ठसे कोरावयाची विद्या घेतली आणि ती श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट मिशनात देवनागरीसाठी वापरली. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापले गेले. धातूवर नक्षी कोरणाऱ्या घराण्यातील हा हात. स्टीफन्सला हवा होता तो हाच. असे हात गोव्यातही होते. चर्चच्या वेदीवरील लाकडी आणि चांदीचे काम ज्यांनी केले, त्यांना पोलादावर ‘क’ कोरता आला नसता, असे मानावयाला आम्ही तयार नाही.

मुंबईत अमेरिकन मिशनने आपली पहिली मराठी पुस्तिका १८१७ साली काढली. आम्हा कॅथलिकांनी हे मोकळेपणाने मान्य करावे, की जे काम आमच्या स्टीफन्सने मागितले होते ते दोनशे वर्षांनी प्रॉटेस्टंट मंडळींनी करून दाखविले. त्यांच्या छापखान्याची खरी देणगी मात्र त्यांनी छापलेल्या पुस्तिकांपेक्षा तेथे तयार झालेली माणसे ही होय. त्यांतील दोघांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

पहिले गणपत कृष्णाजी. मिशनच्या छापखान्यात नोकरी करता करता त्यांनी छपाईचे सारे अंग पाहून घेतले. त्या सुमारास मुंबईत शिळाछाप आला होता. त्याची जन्मकथा आमच्या विषयाला फार जवळची आहे. बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर हा एका नटाचा मुलगा आणि स्वतः नाटककार. आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून तो धडपडत होता. त्या धडपडीत १७९६ च्या सुमारास त्याला असे आढळले, की विशिष्ट चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहिले आणि दगड ओला केला, तर छपाईची शाई लिहिलेल्या जागीच धरते आणि ओल्या जागी धरत नाही. कोरणे नको, ओतणे नको. नाटककाराच्या गरजेतून निघालेल्या या युक्तीने देवनागरीचा प्रश्न एका फटक्यात बाजूला सारला, कारण दगडाला सहाशे आणि चोवीस यांत फरक कळत नाही. लेखनिक जे लिहील ते उमटेल. जोडाक्षर असो, मोडी असो, चित्र असो.

गणपत कृष्णाजींनी आधी लाकडी यंत्र स्वतः तयार केले, शाईचे प्रयोग स्वतः केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापलेली शाई सोवळ्यात चालेल काय, अशी शंका घेणारा तो काळ. पुढे त्यांनी खिळेही पाडले आणि त्यांच्या छापखान्याच्या सुबकपणाचा लौकिक झाला. शिळाछापामुळे एक गोष्ट अशी घडली, की सुंदर बाळबोध लिहिणाऱ्या लेखनिकाची कला यंत्र येऊनही बुडाली नाही. उलट तिला हजारो डोळे मिळाले. बाळशास्त्री जांभेकरांनी सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी १८४५ साली छापून निघाली, ती शिळाछापावरच. पोथीचे आडवे पान, मोठे टपोरे अक्षर आणि दंडांनी तोडलेल्या ओव्या हे सारे रूप यंत्रातून तसेच बाहेर आले. गुटेनबर्गने जे कष्टाने साधले ते येथे दगडाने आपसूक करून दिले.

दुसरे जावजी दादाजी. १८३९ साली गरीब घरात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच त्याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागला. शाळा अशी फारशी झालीच नाही. अक्षराची ओळख झाली ती बोटांना. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव जावजींच्या बरोबरीने घेतले पाहिजे. निर्णयसागरी अक्षर म्हणजे शिळाछापाच्या काळात तावूनसुलाखून निघालेले लेखनिकाचे बाळबोध वळण पोलादात उतरलेले. गोल, भरदार, शिरोरेषेखाली ऐटीत लोंबणारे. संस्कृताचे जुने ग्रंथ त्याच खिळ्यांत छापून देशभर आणि परदेशांतील विद्यापीठांत गेले. तुकोबांची गाथा सरकारी खर्चाने १८६९ साली छापून निघाली, म्हणजे छापखान्याला तुकोबा भेटले ते याच पिढीत.

देवनागरी जुळविणाऱ्या जुळाऱ्याचे काम मात्र फार किचकट राहिले. कोठे मधल्या ओळीत अक्षर आणि वर-खाली मात्रा-उकार वेगळे बसवायचे, कोठे कान्यामात्रेसकट अखंड खिळा वापरायचा. शेकडो घरांच्या केसा भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आणि त्यांच्यापुढे उभा राहून दिवसभर चालणारा माणूस! आमच्या जुन्या धार्मिक नियतकालिकांची पाने ज्यांनी अशी उभ्याने जुळविली, त्यांची नावे कोठे छापलेली नाहीत.

मग यंत्राने आपली मागणी पुढे केली. १८८६ साली अमेरिकेत लायनोटाईप आला. कळ दाबली की अक्षराची मातृका खाली येई आणि अख्खी ओळ ओतली जाई. त्याला कळा नव्वद. टंकलेखन यंत्राला त्याहूनही कमी. आता प्रश्न असा झाला, की यंत्र लिपीप्रमाणे घडवायचे, की लिपी यंत्राप्रमाणे छाटायची? लोकमान्य टिळकांसारख्या संपादकानेही खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत वेळ घातला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ लाच वेलांट्या-उकार देऊन ‘अि’, ‘अु’ लिहिण्याचा पुरस्कार केला आणि काही नियतकालिकांनी तो कित्येक वर्षे चालविलाही. १९३० नंतरच्या दशकात हरी गोविल यांनी देवनागरी लायनोटाईपच्या कळफलकात बसविली. एकावर एक रचलेली जोडाक्षरे मोडून ती आडवी झाली, काहींच्या पायांत हलन्त आले. वर्तमानपत्रे वेगाने निघू लागली हा लाभ मोठा, त्याला कोणी नाके मुरडू नयेत. पण त्या काळातील काही पुस्तके उघडून निर्णयसागराच्या पोथीशेजारी ठेवावीत. एक अक्षर कोणी तरी लिहिलेले वाटते, दुसरे कोणी तरी काटकसरीने वापरलेले.

स्टीफन्सकडे परत वळू. १९२० नंतरच्या काही वर्षांत जस्टिन ॲबट या मराठी संतवाङ्मयाच्या अमेरिकन अभ्यासकाला लंडनच्या मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित सापडले. त्यात संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आहे. कवीने मूळ ग्रंथ देवनागरीतच लिहिला आणि छापखान्यासाठी तो रोमनमध्ये उतरविला, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतरांना ते मान्य नाही. निर्णय विद्वानांनी करावा. एवढे मात्र त्या हस्तलिखिताने दाखविले, की हाताला ही लिपी कधीच जड नव्हती. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादिलेले ख्रिस्तपुराण पुण्यात देवनागरी खिळ्यांत छापून निघाले. मूळ आवृत्तीनंतर ३४० वर्षांनी. १९९६ साली फादर कॅरिडॅड ड्रॅगो यांची आवृत्ती आली आणि या शतकात फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीतील अर्थासह ग्रंथ सिद्ध केला.

नवीन पनवेलसारख्या, सिडकोने आखून वसविलेल्या वसाहतीत हा इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही. एकाच बाकावर वसईचे कुटुंब बसलेले असते, शेजारी अहिल्यानगर-जालन्याकडचे, मागे गोव्याचे आणि मंगळूरचे. वसईच्या आजी देवनागरीतील गायनपुस्तिका धरतात. गोव्याच्या आजी रोमनमधील. चालीवर दोघीही चुकत नाहीत. नातवंडांची गोष्ट वेगळी. इंग्रजी शाळेत शिकणारी ही मुले मराठी गीत रोमन अक्षरांत लिहून मागतात, आणि त्या रोमनला स्टीफन्सची शिस्तही नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ तेथे एकच होतात. ज्या लिपीत जावयाला कवीला नाइलाजाने भाग पडले, तीत आम्ही आपखुशीने चाललो आहोत.

आणि हे घडते आहे नेमके त्या काळात, जेव्हा सहाशे साच्यांची अडचण उरलेली नाही. ती कशी सुटली हे थोडक्यात सांगतो. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामाला तेथे वेग आला. भारतीय भाषांसाठीची प्रमाण संकेतावली १९९१ साली मान्य झाली, आणि तिच्या आधीच्या रूपाच्या आधारावर युनिकोड या जागतिक व्यवस्थेतील देवनागरीचे कोष्टक बसविले गेले. यातील मर्म असे, की संगणक ‘क्त’ हे जोडाक्षर साठवीत नाही. तो ‘क’, हलन्त आणि ‘त’ अशी तीन चिन्हे साठवितो. ते कसे दिसावे हे पडद्यावरचा टंक, म्हणजे अक्षरांचा संच, ठरवितो. थोड्या चिन्हांतून पुष्कळ आकार निघावेत, ही तर स्टीफन्सने सहाशेंचे दोनशे करताना धरलेली वाट. फरक एवढाच, की आता दिसणाऱ्या आकारांना छाटावे लागत नाही. हवे तर सहाशे काढा, हवे तर हजार.

हे आकार काढणारे कोण, तर त्यांतील अग्रणी र. कृ. जोशी, हे कवी आणि सुलेखनकार. १९३६ साली जन्मलेल्या या कलावंताने पवईच्या आय.आय.टी.त अक्षरकला शिकविली आणि संगणकातील देवनागरीसाठी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. विंडोज प्रणालीबरोबर घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा टंक त्यांच्या हातचा. २००८ साली ते निवर्तले. लोहार, लेखनिक, खिळे घासणारा मुलगा आणि अखेर कवी असा हा वारसा आहे. अभियंत्यांनी यंत्र दिले, पण अक्षर प्रत्येक वेळी कोणा हाताच्या माणसाकडूनच घ्यावे लागले.

मधली दहा-पंधरा वर्षे मात्र मोठ्या गोंधळाची गेली. प्रत्येक विक्रेत्याच्या टंकाची संकेतावली निराळी. धर्मग्रामाचे पत्रक एका संगणकावर जुळवून छपाईला दुसरीकडे पाठविले, की प्रभूची प्रार्थना चौकोनांची आणि प्रश्नचिन्हांची होऊन परत यायची. ‘आचाऱ्यांना’ निमंत्रण धाडावे आणि ‘आचार्यांना’ पोहोचावे, हाही प्रकार घडे, कारण मराठीचा तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘र’ हिंदीत लागत नाही आणि आरंभीच्या पुष्कळ संचांत त्याची सोयच नव्हती. पुढे त्यासाठी खालच्या टिंबाच्या ‘ऱ’ चा आधार घेण्यात आला आणि दऱ्या पुन्हा दर्यापासून वेगळ्या झाल्या.

६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी देवनागरी अक्षरांची प्रमाण रूपे ठरवून दिली. त्यांत ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे मराठी वळणाची असावीत, असे आहे. ‘ल’ पाकळीदार, ‘श’ गाठीचा. निर्णयसागराने ती तशीच ओतली होती. आमच्यापैकी पुष्कळांच्या भ्रमणध्वनीवर अजूनही ती हिंदी वळणाची उमटतात. मराठी वळणाचे टंक विनामूल्य मिळतात आणि ते बसवावयाला पाच मिनिटे लागतात. आमच्या युवासंघातील दोघा मुलांनी धर्मग्रामाच्या संगणकावर तो बसविला आहे, आणि पुढच्या प्रायश्चित्तकाळात वाचावयासाठी ख्रिस्तपुराणातील दुःखसहनाचा भाग ती त्यात जुळवीत आहेत.